साळखोल, व्हाया घाटकोपर

बोरीवली (पूर्व)
१९ जानेवारी २०२५

प्रिय दिशा,

"भांडण त्यांचं, गरे आपले," असं तू म्हणाली होतीस. साळखोलच्या गडग्यावर, त्या बुटक्या दगडी कुंपणावर, आपण दोघी पाय सोडून बसलो होतो. तुझ्या कोपरापर्यंत फणसाचा चीक होता. गडग्याच्या एका बाजूला माझे बाबा आणि दुसऱ्या बाजूला तुझे बाबा, म्हणजे माझे बाळाकाका, त्याच फणसावरून बोलत होते. बोलत होते आपापल्या बायकांशी, पण पलीकडे नीट ऐकू जाईल अशा बेतानं. तू तेव्हा चौथीत होतीस. पुढे तू वकील झालीस आणि त्याच भांडणात काकांचं वकीलपत्र घेतलंस.

पत्र पोस्टानं आलं म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंयस, फोन उचलत नाहीस, आणि मुलुंडला येऊन तुझ्या दाराची बेल वाजवण्याइतकी मी शूर नाही. पोस्टातल्या बाई विचारतील, "स्पीड पोस्ट की साधं?" मी म्हणणार, साधंच द्या. आम्ही इतकी वर्षं बोललेलो नाही, दोन दिवसांनी काय फरक पडतो?

तर विषय असा, की बाबांनी साळखोलला रेल्वे आणली.

हसू नकोस. आई गेल्यापासून बाबा घरात नुसत्या फेऱ्या मारायचे. हॉल, स्वयंपाकघर, बाल्कनी, पुन्हा हॉल. आमचं घर केवढंसं, फेरी लगेच संपायची आणि संपली की ते चिडायचे. मग कुणीतरी त्यांना घाटकोपरच्या एका क्लबबद्दल सांगितलं. छोट्या रेल्वेगाड्यांचा क्लब. आयुष्यभर टेलिफोन खात्यात तारा जोडलेला माणूस तिथे गेला आणि तिथलाच झाला. आता दर रविवारी देवीपाड्याहून मेट्रो, पुढे दुसरी मेट्रो, हातात डबा, खिशात चिमटा. मला म्हणतात, "ड्यूटी आहे."

आज त्यांनी मला पहिल्यांदा सोबत नेलं. दिवाळीच्या किल्ल्यावर पोरं ठेवतात तशी एखादी गाडी गोल गोल फिरत असेल, असं मला वाटलं होतं. हर्षदभाई नावाच्या गृहस्थांचं स्टीलच्या भांड्यांचं जुनं गोदाम आहे. शटर वर गेलं आणि दिशा, मी खरंच दारातच थांबले. कंबरेइतक्या उंचीवर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, दिवा जंक्शनपासून मडगावपर्यंतचा अख्खा मुलूख. डोंगर, बोगदे, खाड्या, पूल, पुलाखाली होड्या. सगळं सत्त्याऐंशी पटीनं लहान. एक मालगाडी घाट चढत होती आणि तिचा आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

नियम कडक आहेत. प्रत्येक सभासदानं एक स्टेशन बांधायचं. जो बांधेल तोच तिथला मास्तर. मास्तरनं परवानगी दिल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. कुंडलिकराव म्हणून बँकेतून निवृत्त झालेले एकजण उंच स्टुलावर बसून माइकवरून सगळ्यांना आज्ञा देतात. त्यांचं घड्याळ चौपट वेगानं पळतं, म्हणजे गाड्या वेळापत्रकाप्रमाणे दिवसभर धावतात आणि माणसं रात्रीच्या जेवणाला घरी पोचतात. चहाही त्याच घड्याळावर मिळतो. मी तीन तासांत इतका चहा प्यायले की शेवटी नाही म्हणायला सिग्नलसारखा हात आडवा केला.

आणि मग बाबांनी मला त्यांचं स्टेशन दाखवलं. पाटी: साळखोल.

"बाबा, आपल्या गावाला स्टेशन कुठे आहे? रेल्वे तर कोसभर लांबून गेली."

"सर्व्हे चुकलो त्यांचो," बाबा म्हणाले. ते भावुक झाले किंवा चिडले की मालवणीत जातात, हे तुला माहीतच आहे.

स्टेशनच्या मागे पाणंद, पाणंदीच्या टोकाला आपलं घर. लग्नपत्रिकांचे तुकडे कापून रंगवून कौलं केलीत. विहीर म्हणजे खोकल्याच्या औषधाचं झाकण. फणसाला लटकलेले फणस साबुदाण्याचे. गडग्यावर दोन मुली पाय सोडून बसल्यात, एकीचा फ्रॉक लाल. तो तुझा.

मी किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. खरं घर आता कसं आहे, तुला कल्पना आहे ना? कोर्टाचा 'जैसे थे'चा हुकूम झाल्यापासून कुणी कौल बदलायचं नाही, दगड हलवायचा नाही. हुकूम तुम्ही मागितला, आम्ही आनंदानं मान्य केला, आणि माजघरावरचं छप्पर तेवढ्यात खाली बसलं. दोघे भाऊ गावाला जातच नाहीत. म्हणजे शाबूत असं घर आता घाटकोपरलाच आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाबांनी गडगा फणसाच्या पलीकडे घातलाय. तुमच्या बाजूला सरकवून.

मी म्हटलं, "बाबा, हे बरोबर नाही."

"नकाशाप्रमाणे आसा."

"कुठल्या?"

"माझ्या."

वाद हातभर जमिनीचा. सत्त्याऐंशी पटीनं लहान केला की तांदळाच्या दाण्याएवढा होतो. पण तेवढा दाणा त्यांनी घेतलाच.

येत्या रविवारी, सव्वीस जानेवारीला, क्लब सगळ्यांसाठी खुला आहे. त्याची जाहिरात म्हणून हर्षदभाईंनी यूट्यूबवर व्हिडिओ टाकलाय आणि त्यात बाबा आपल्या घरासमोर उभे राहून हसतायत. काकांना यूट्यूब बघायला तूच शिकवलंस असं ऐकते. या आठवड्यात त्यांना कीर्तनं लावून दे, क्रिकेट लावून दे, काहीही लाव.

तुझी
श्रुतिका


९ फेब्रुवारी २०२५

दिशा,

तू कीर्तनं लावली नाहीस.

सव्वीस तारखेला काका आले. तोंडाला मास्क, डोक्याला माकडटोपी. मुंबईत दुपारी माकडटोपी घातलेला माणूस लपत नसतो गं, उठून दिसतो. मी त्यांना दारातच ओळखलं आणि ओळख दिली नाही. पळून जावंसं वाटलं, पण बाबा साळखोलला ड्यूटीवर होते आणि मी त्यांची पाहुणी.

काका रांगेतून शिस्तीत पुढे सरकत आले. दिवा बघितलं, रोहा बघितलं, चिपळूणपाशी थांबून मान डोलावली. साळखोलपाशी वाकले. वाकूनच राहिले. मागच्या मुलाची आई म्हणाली, "आजोबा, पुढे चला ना."

काकांनी मास्क काढला. "दादा, गडगो सरकवलंस?"

बाबांनी मान वर न करता सिग्नल हिरवा केला. "मी खंय सरकवलंय? होतो थंयच आसा."

"फणस भायर होतो!"

"तुझ्या बापाशीचो फणस?"

"माझ्या बापाशीचोच! तुझो बापूस येगळो होतो?"

रांगेतली सगळी माणसं आता गाड्या सोडून यांच्याकडे बघत होती. कुंडलिकरावांनी माइकवरून सांगितलं, "साळखोल मास्तर, मांडवी एक्सप्रेस आपल्या होम सिग्नलला उभी आहे, कृपया वैयक्तिक संभाषण टाळावे." काका माइककडे बघून म्हणाले, "ही जागा कोर्टात आहे. इथे गाडी सोडाल तर बघा." आणि गेले. जाताना टोपी विसरले. ती आमच्याकडे आहे, धुऊन ठेवलीय.

मला वाटलं, संपलं. मग तुझी नोटीस आली.

दिशा, मी ती दोनदा वाचली. पहिल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा थोडंसं हसू आलं म्हणून. "वादग्रस्त मिळकतीची, आमच्या अशिलाच्या हक्कास बाधा येईल अशी, लघुप्रतिकृती" हे तू कसल्या चेहऱ्यानं टाइप केलंस? माझी खात्री आहे, तूही हसली असशील. नसशील हसली तर मला फार वाईट वाटेल.

पण हर्षदभाई हसले नाहीत. "चंदूभाई, मी धंदावाला माणूस," ते बाबांना म्हणाले. "माझ्या बापानं सांगितलेलं, पोलीस आला तर चहा पाज, कोर्टाचा कागद आला तर दुकान बंद कर." त्यांनी साळखोलच्या रुळांवर लाल झेंडी रोवली. पुढच्या आदेशापर्यंत वाहतूक बंद.

आता तुला हे समजणार नाही, म्हणून सांगते. मार्ग एकेरी आहे. साळखोल बंद म्हणजे त्याच्या पलीकडचं सगळं बंद. मडगावचे मास्तर गोराईचे ग्रेगरी अंकल आहेत. वयानं बाबांपेक्षा मोठे, होडीनं खाडी ओलांडून, मग रिक्षा, मग दोन मेट्रो करून घाटकोपरला येतात, आणि त्यांच्या स्टेशनवर गाडीच येत नाही. ते कुणाला काही बोलत नाहीत. पण गेल्या रविवारपासून घरून डबीभर चिमुकली माणसं रंगवून आणतात आणि मडगावच्या फलाटावर चिकटवतात. वाट बघणारे प्रवासी. आज फलाट भरला. आज त्यांनी एक नवरी चिकटवली, हार घातलेली, ट्रंकेवर बसलेली.

आणि बाबा साळखोलला बसून असतात. गाडी नाही, पण ड्यूटी सोडत नाहीत. झेंडीकडे बघतात. डबा तसाच परत येतो. मी विचारलं की म्हणतात, "भूक नाही, तिथे चहाच फार होतो."

आज कमिटी बसली. कमिटी म्हणजे तेच सगळे, फक्त खुर्च्या गोल करून. ठरलं असं: मे महिन्यात मोठं प्रदर्शन आहे. तोपर्यंत दोन्ही भावांनी सही केलेला एकच नकाशा आला तर साळखोल राहील. नाही आला तर साळखोल उचलायचं आणि तिथे डोंगर करून खालून बोगदा न्यायचा.

"बोगद्यावर कुणी दावा लावत नाही," कुंडलिकराव म्हणाले. माणूस वाईट नाही गं, पण नियमांचा आहे.

घरी येताना मेट्रोत बाबा मांडीवरचा डबा उघडून पुन्हा बंद करत होते. मग म्हणाले, "डोंगर करायचा तर करवंदी तरी लावा म्हणावं."

तू त्यांची उलटतपासणी घेतली होतीस, त्या दिवशी घरी आल्यावर ते काय म्हणाले ते तुला कुणी सांगितलं नसेल. "पोर हुशार झाली," म्हणाले, आणि तसेच न जेवता झोपले. मी त्यानंतर तुला व्हॉट्सॲपवर जे काही लिहिलं, ते या 'न जेवता'वरून लिहिलं. 'हुशार झाली' तेव्हा सांगायचं राहूनच गेलं.

काकांना एकदा विचारून बघशील? नकाशाबद्दल?

श्रुतिका


९ मार्च २०२५

दिशा,

उत्तर नाही. बरं. मग मी जे केलं त्याला थोडी तूही जबाबदार आहेस.

मी गडगा हलवला.

मधल्या वारी ऑफिसातून अर्धी रजा टाकली आणि घाटकोपरला गेले. हर्षदभाई गोदामातच असतात. त्यांना म्हटलं, "बाबांचा चश्मा राहिलाय." बाबांचा चश्मा बाबांच्या नाकावर बोरीवलीत होता. हर्षदभाई बिलं करत बसले आणि मी नेलकटरच्या कानशीनं गडगा सोडवला. आधी आपल्या दोघींना अलगद उचलून टिकलीच्या डबीत ठेवलं. सत्त्याऐंशी पटीनं लहान बेकायदेशीर काम करतानाही भीती पूर्ण आकाराची वाटते.

माझा विचार सरळ होता. बाबा म्हणतात फणस गडग्याच्या अलीकडे, काका म्हणतात पलीकडे. मी गडगा असा घातला की फणस बरोबर गडग्याच्या मधोमध आला. अर्धा तुमचा, अर्धा आमचा. फेविकॉल लावला, आपल्याला परत वर बसवलं आणि मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की येताना स्टेशनबाहेर मोगऱ्याचा गजरा घेतला.

मग काकांना फोन केला. हो, काका माझा फोन उचलतात. तू मला ब्लॉक केलंस, त्यांना ब्लॉक करता येत नाही. म्हटलं, "काका, गडगा हलवलाय. रविवारी बघून जा."

आले. या वेळी टोपी नव्हती. बाबा आधीच साळखोलला बसले होते आणि नुकतंच त्यांच्या लक्षात आलं होतं. चेहरा लाल. काका वाकले.

"ह्या काय?"

"माका विचारू नको. ह्या माझा काम न्हय."

"फणस गडग्यात?"

"फणस कधी गडग्यात वाढता? मुळां खंय जातली?"

"गडगो फुटतलो!"

"तर! पयल्याच पावसात फुटतलो."

आणि मग दोघांनी एकदम मान वर केली. "कोणी केल्यान ह्या?"

मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

"हिका काय ठावक!" काका म्हणाले.

"मुंबयत वाढलेली," बाबा म्हणाले.

दोघेही परळच्या चाळीत वाढले आणि गावाला फक्त मे महिन्यात जायचे, हे मी बोलले नाही. गिरणीच्या भोंग्यावर उठणारे हे दोघे, पण साळखोलचं नाव निघालं की जणू पिढ्यान्‌पिढ्या नांगरच धरत होते.

मला वाटलं आता बाहेर काढतील. त्याऐवजी त्यांनी मला बाजूला सारलं आणि बाकीच्या चुका शोधायला लागले. काका म्हणाले, न्हाणी उजव्या हाताला होती. बाबा म्हणाले, डाव्या. काका म्हणाले, डाव्या हाताला गोठा होता, न्हाणीत म्हैस बांधायचास काय रे तू? बाबा म्हणाले, म्हैस नव्हतीच, पाडा होता. विहिरीला पायऱ्या होत्या की नव्हत्या, यावर तर हर्षदभाईंना मध्ये पडावं लागलं. "अरे भाई, आवाज कमी. बाजूच्या दुकानात मारवाडी झोपलाय."

कुठल्याच गोष्टीवर त्यांचं जमलं नाही. एकाच गोष्टीवर एकमत झालं, की श्रुतिकाला काही कळत नाही. किती वर्षांनी हे दोघे एका बाजूला उभे राहिले, आणि समोर मी. मला बोलणी खाताना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

शेवटी काकांनी पायातली चप्पल काढली, चश्मा पुसला आणि बाबांना म्हणाले, "तो चिमटो दी हंय." खळ्यातला तुळशीवृंदावनाचा चौथरा तिरका झाला होता, तो त्यांनी सरळ केला. बाबांनी चिमटा दिला. दिला म्हणजे हातात दिला नाही, टेबलावर ठेवला आणि काकांनी टेबलावरून उचलला. पण ठेवला जवळच.

तेव्हापासून काका दर रविवारी येतात. मी पत्र मुद्दाम उशिरा लिहितेय, कारण त्यांनी मला शपथ घातली होती. ते तुला सांगतात ना, की गुडघ्यांच्या व्यायामाच्या शिबिराला जातो? नाही जात. बाबांनी विचारलं, "तू कित्याक येतस?" तर म्हणाले, "जैसे थे आसा काय ता बघूक." आणि जैसे थे काही ठेवत नाहीत. मागच्या आठवड्यात त्यांनी अख्खं पडवीचं छप्पर नव्यानं घातलं. लग्नपत्रिका तुमच्या घरच्या होत्या. एका कौलावर अजून 'चि.' दिसतंय.

त्यांना काही विचारू नकोस. आणि शिबिर सोडायला लावू नकोस. टेबलाखाली वाकून वाकून गुडघे खरंच सुधारलेत.

लाल झेंडी मात्र तशीच आहे. मडगावच्या नवरीला अजून गाडी नाही.

श्रुतिका


२३ मार्च २०२५

दिशा,

हे शेवटचं पत्र, कारण याच्यानंतर लिहून काही उपयोग नाही. म्हणून नीट वाच.

नकाशा होत नाही. काकांचा एक कागद आहे, बाबांचा एक. चिपळूणच्या मास्तरांनी तिसरा काढून दिला तर दोघांनी मिळून तो फाडला. मे जवळ आला. मागच्या रविवारी हर्षदभाई प्लास्टर ऑफ पॅरिसची पोती घेऊन आले. डोंगरासाठी. पोती साळखोलच्या बरोबर खाली ठेवली. ग्रेगरी अंकलनी त्यावर आपली छत्री आणि डबा ठेवला, म्हणजे कुणाला पटकन उघडता येऊ नयेत. तेवढाच त्यांचा विरोध.

पोत्यांकडे बघून काका म्हणाले, "दादा, हंय बसान मिटाचा नाय ह्या. थंय जाऊन मापूक होया."

बाबा म्हणाले, "चल."

इतकंच. मी ऐकलं, हर्षदभाईंनी ऐकलं, कुंडलिकरावांचा माइक चालू होता म्हणून अख्ख्या कोकण मार्गानं ऐकलं. दोघे साळखोलला जाणार. एका गाडीनं. खऱ्या.

लगेच भांडण सुरू झालं ते टेपवरून. बाबा म्हणतात टेप माझी, टेलिफोन खात्यातली, पोलादी. काका म्हणतात, तुझ्या टेपवर तुझाच विश्वास. बरं, टेप कुणाची का असेना, तिला टोकं दोन. एक बाबांनी धरलं तर काका म्हणणार ओढलं, काकांनी धरलं तर बाबा म्हणणार ढील दिली. मी म्हटलं, मी धरते. तर दोघे एकसुरात, "तू गडगो हलवलंस." विश्वास उडाला माझ्यावरचा. फार फार तर एक टोक देऊ म्हणाले. "दुसरं कोण धरणार?" हर्षदभाईंनी विचारलं.

कुणी नाव घेतलं नाही. काका चश्मा पुसायला लागले. बाबा म्हणाले, "ती येवची नाय." काकांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

आता जे सांगतेय ते या दोघांना माहीत नाही.

आम्ही येतोय तर अंगण झाडून ठेवा, म्हणून मी गावात शेवंतीकाकूंना फोन केला. आपल्या घराच्या खालच्या अंगाला राहतात त्या, आपल्याला करवंदं द्यायच्या. मी म्हटलं, काकू, फणसाखालचा पाचोळा तेवढा काढा. त्या म्हणाल्या, "गो चेडवा, फणस खंय आसा?"

गेल्या पावसाळ्यात पडला. मुळासकट. गडग्यावरच पडला, आणि गडगाही घेऊन गेला. म्हणाल्या, आता या अंगणातून त्या अंगणात गुरं सरळ चालत जातात, मध्ये काही उरलेलंच नाही.

मी विचारलं, "काकू, कळवलं का नाही?"

"कोणाक आदी सांगू? दादाक आदी सांगलंय तर बाळो रागावतलो. बाळाक सांगलंय तर दादा. म्हणान कोणाकच नाय सांगलंय." आणि म्हणाल्या, "लाकडाचे दोन ढीग करून ठेवलंय. सारके."

कुठल्या बाजूला पडला, ते मी विचारलं नाही. तुला हवं असेल तर तू विचार, नंबर देते. वकील म्हणून तुला कदाचित विचारावंच लागेल. मी आयुष्यभर विचारणार नाही.

म्हणजे बघ. ज्याच्यासाठी तालुक्याच्या कोर्टात इतक्या तारखा झाल्या, ज्याच्यासाठी आईच्या तेराव्याला तू सोसायटीच्या गेटपर्यंत येऊन परत गेलीस (वॉचमननं मला सांगितलं, लाल छत्री म्हणाला, मी ओळखलं), तो फणस आणि तो गडगा आता फक्त घाटकोपरला आहेत. एक तारेचा आणि स्क्रबरचा, दुसरा विटेच्या चुऱ्याचा. खरं म्हणजे खटला आता हर्षदभाईंच्या गोदामावरच चालवायला हवा.

मी बाबांना तरी आधी सांगायचा प्रयत्न केला. सकाळी चहाच्या वेळी तोंड उघडलं, पण बाबा पाणंदीचं माप कागदावर उतरवत होते आणि इतके खूश होते की मी बिस्किटं पुढे केली. सांगितलं तर जाणारच नाहीत. 'पडला ना, मग कशाला?' म्हणतील, आणि दुसऱ्या दिवशी कुणी पाडला यावर नवा दावा. आणि नाही सांगितलं तर दोघे पाणंद चढून वर येतील, हातात पोलादी टेप, आणि समोर मोकळी जागा. दोन म्हातारे आणि मध्ये काही नाही. त्यांना त्या क्षणी काय होईल, मला खरंच कळत नाही. कदाचित हसतील. कदाचित बाबा तिथेच खाली बसतील. काकांच्या छातीचं तुला माहीत आहे, मला नाही. मला एकटीला दोघांना सावरता येणार नाही, गं.

अकरा एप्रिलची रात्रीची गाडी आहे. मी चार तिकिटं काढलीत. चौथ्यावर तुझं नाव घातलंय, वय अंदाजे दोनानं कमी लिहिलंय, त्याबद्दल रागावू नकोस.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. दाव्यातल्या जागेवर विरुद्ध पक्षाबरोबर जाता येत नाही. अशिलाला जाऊ देता येत नाही. हुकूम चालू असताना मापं घ्यायची नाहीत. शिवाय तुला वाटेल, श्रुतीनं हे सगळं मुद्दाम जुळवून आणलंय. थोडं आणलंय. तू नाही म्हणशील. तुझ्या जागी मीही कदाचित नाही म्हणाले असते.

तरी विचारते. मोजायला तिथे आता काहीच नाही, टेप कुठून कुठे लावायची तेही मला ठाऊक नाही. एक टोक मी धरते. दुसरं धरायला येशील?

श्रुतिका